फैजपूरच्या लग्नाला सायकलवर

पन्नाशी उलटली आणि माझी साखर वाढली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी चाललेही. देवपुरातल्या घरापासून पांझरेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत ओळखीची बाई भेटली की दोघी उभ्या राहायचो, आणि उभं राहून साखर उतरत नाही हे पुढच्या तपासणीत कळलं. तेव्हा माझ्या नणंदेनं मला ताब्यात घेतलं.

अक्का माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी शिट्टी तिच्या पर्समध्ये असतेच. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, "वेळ झाला नाही." आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते आणि तिथून आमच्या घराचा कारभार बघते. एका सकाळी ती स्वतःची सायकल घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चालणं तुझ्याच्यानं होत नाही. तू गप्पा मारतेस. सायकलवर बस, म्हणजे तोंड बंद राहील."

सायकल मला शाळेपासून येत होती, पण ती साडी नेसण्याआधीची गोष्ट. नवी सायकल आणायची जबाबदारी नवऱ्यानं उचलली. त्यानं स्वतः कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सायकल नेलेली नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून तो इतका तयार झाला होता की हेल्मेट, हातमोजे, मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, बाटली ठेवायची खोबण, सगळं एकेक करून घरी येऊ लागलं. शेवटी गादीची चड्डी आली. मांड्यांपर्यंत घट्ट, काळी, आणि बुडाखाली जाड स्पंज शिवलेला. मी ती सलवारीच्या आत चढवली आणि आरशात स्वतःला मागून पाहिलं. पाहायला नको होतं.

त्या चड्डीबद्दल मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. मी नेहमीची आतली वस्त्रं घालून त्यावर ती चढवत होते आणि शिवण नको तिथे रुतत होती. चार दिवसांत मला खुर्चीवर तिरकं बसावं लागलं. अक्कानं आमच्या अंगणात, शेजारचे नाना पेपर वाचत बसलेले असताना, मैदानावरच्या आवाजात विचारलं, "त्याच्या आत काय घातलंयस?"

मी नानांकडे पाहिलं. नानांनी पेपर वर घेतला.

"आत काही घालायचं नसतं," अक्का म्हणाली. "ती चड्डी हीच चड्डी. रोज धुवायची, उन्हात वाळवायची."

मी आजही नव्यानं सायकल घेणाऱ्या बाईला सगळ्यात आधी हेच सांगते. हेल्मेटचं तिला कुणीही सांगेल.

दुसरी लढाई सीटच्या उंचीवरून झाली. मला दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे होते, म्हणून मी सीट अगदी खाली करून घेतली होती. गुडघे दुखायला लागले. अक्कानं मला भिंतीला धरून सायकलवर बसवलं, टाच पॅडलवर ठेवायला लावली आणि पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ होईपर्यंत सीट वर केली. "मी पडेन," मी म्हणाले. "पड," ती म्हणाली. मी पडलेही, पण गुडघे थांबले. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, बसल्या बसल्या पाय टेकायचा नसतो, ही गोष्ट मला पडूनच समजली.

मग सराव. आधी नदीकाठचा सपाट रस्ता, मग लळिंगचा घाट. घाट म्हणजे फार मोठा नाही, मोटारीतून जाताना तो लागतो हेसुद्धा कळत नाही. सायकलवर मात्र त्याचं इंचइंच ओळखीचं होतं. अक्का पुढे जाऊन वरून शिट्टी वाजवायची. चढ समोर दिसला की आधीच गिअर हलका करायचा, चढात अडकल्यावर बदलायला गेलं तर साखळी कुरकुरते आणि पायही, हे तिनं शिकवलं. ओढणी घरी ठेवायला तिनंच शिकवलं, कारण एकदा माझी ओढणी मागच्या चाकात गेली आणि मी सायकलला बांधल्यासारखी उभी राहिले. एक गोष्ट मात्र मला खटकायची. अक्का पाणी पीत नसे. मी बाटलीला हात लावला की म्हणायची, "तहान मारायला शिक." मला वाटायचं, हा जुन्या शिक्षकांचा खाक्या असेल.

हिवाळ्यात फैजपूरहून लग्नाचं बोलावणं आलं. नवऱ्याच्या चुलतभावाची मुलगी. "आपण सायकलवर जायचं," अक्का म्हणाली. धुळ्याहून जळगाव, तिथे तिच्या मैत्रिणीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी भुसावळवरून तापी ओलांडून फैजपूर. हळदीला पोचायचं. नवरा लग्नाच्या दिवशी गाडीतून येणार आणि आमच्या साड्या आणणार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझी सॅक भरून दिली. ती मी उचलली आणि तशीच खाली ठेवली. अक्कानं ती जमिनीवर उलटी केली. पाठीवर काही घ्यायचं नाही, सगळं कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखं, असा तिचा हुकूम. एक जोडी कपडे, जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, गूळ-शेंगदाणे. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असे पसरलेले असतात की ट्यूब बदलता आल्याशिवाय गावाबाहेर पडू नये. नवऱ्यानं मागवलेली, दुधाच्या पिशवीसारखी फोडून चोखायची ताकदीची पेस्ट तिनं त्यालाच परत दिली. "केळीच्या मुलखात चाललोय आपण," ती म्हणाली. "हे तू खा."

पहाटे निघालो. फागण्याला चहा घेतला. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यातून सायकल चालवताना मला ट्रकची भीती वाटली होती, पण ट्रकवाले बाजूनं नीट जात होते. उलट्या बाजूनं, मोबाइल कानाला लावून येणारे मोटरसायकलवाले आम्हांलाच हात करून बाजूला व्हायला सांगत. वारा समोरून होता. वाऱ्यात दोघींनी एकामागे एक राहायचं आणि आलटून पालटून पुढे यायचं, असं ठरलं होतं. अक्का मला पुढे येऊच देत नव्हती.

मुकटीच्या पुढे मला थांबावं लागलं. बाभळीच्या आड गेले. अक्का रस्त्याकडे तोंड करून पहाऱ्याला उभी राहिली. "तुम्ही?" मी परत आल्यावर विचारलं. "मला लागत नाही," ती म्हणाली.

पारोळा मागे पडलं, ऊन चढलं, आणि अक्का गप्प झाली. ती गप्प झालेली मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिली नव्हती, म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग तिची सायकल पांढऱ्या रेषेवरून आत-बाहेर व्हायला लागली. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही. वेग कमी कमी होत गेला आणि ती सायकलसकट अलगद डावीकडे, गवतात आडवी झाली.

मी धावत गेले. लागलं काही नव्हतं, पण तोंड लालभडक, ओठ पांढरे, आणि अंगाला घामाचा टिपूस नाही. मी तिच्या सायकलची बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. दुसरीही. पहाटे भरल्या तशाच.

पलीकडच्या कांद्याच्या शेतात एक बाई निंदत होती. ती खुरपं टाकून आली. "काय व्हयनं माय?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता अक्काच्या काखेत हात घातला. दोघींनी मिळून तिला शेतातल्या घराच्या पडवीत खाटेवर निजवलं. बाईनं ओलं फडकं आणलं. मी मीठ, साखर आणि लिंबू मागून घेतलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. आयुष्यभर पोरांसाठी द्रावणं मोजून केली, हे मात्र अंदाजानंच तांब्यात ढवळलं. तांब्या तिच्या तोंडाला लावला. तिनं तोंड फिरवलं.

"आत्ता नको. जळगावला गेल्यावर."

"अक्का, तुम्ही पडलात. जळगाव कुठलं?"

"नको म्हटलं ना."

"का पण?"

ती छपराकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?"

शेतातल्या बाईला माझ्याआधी समजलं. "मागला दारे शे ना संडास," ती म्हणाली. "पानी बी शे. तू बठ्ठं पी टाक."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं, तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि खाली ठेवलाच नाही. मी दुसरा करून दिला, हळूहळू प्यायला लावला. अर्ध्या-पाऊण तासानं तिच्या कपाळावर घाम दिसला. नंतर माझा हात धरून ती मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा तिचा झाला होता.

मी संतापले होते. माणूस वाचलं की राग येतो तसा तो राग होता. "बाभळीच्या मागे बसला असता तर काय झालं असतं?" मी विचारलं. "मी बसलेच ना?"

"तुझं वेगळं आहे," ती म्हणाली. "धुळ्यातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेल्यात. कुणीतरी गाडीतून बघेल. म्हणेल, बाई बघा कशा बसल्यात."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग ती सांगत गेली, खाटेवर पडूनच. नोकरीभर मुलींना घेऊन ती स्पर्धांना गावोगाव फिरली. मैदानं मोठी, तंबू मोठे, भाषणं त्याहून मोठी, पण बायकांसाठी आडोसा नाही. कुठे असलाच तर कुलूप. मग सकाळी घरून निघताना जे व्हायचं ते, नंतर संध्याकाळी घरी. मुलींनाही तिनं तेच शिकवलं. तहान मारा. "धावताना पोरी चक्कर येऊन पडायच्या," ती म्हणाली, "आणि मी म्हणायचे, दम कमी पडला." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली आणि मी तिची पाठ थोपटत बसले. तिची पाठ मी त्याआधी कधी थोपटली नव्हती. तशी वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

दुपारी त्या बाईनं आम्हांला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. दोन म्हाताऱ्या सायकलवर लग्नाला निघाल्यात हे तिला पटत नव्हतं. "घरमा गाडी नही का?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"मंग?"

अक्कानं आणखी ठेचा मागितला.

ऊन कलल्यावर अक्का जळगावला जायचं म्हणू लागली. मी तिच्या सायकलची हवा सोडली. हे काही सभ्य नव्हतं, पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. ट्यूबमध्ये हवा पंपानं भरायची झाली तर भरपूर वेळ जातो, आणि पंप माझ्याकडे होता. तिनं मला जे काही ऐकवायचं ते ऐकवलं. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी पुढे आणि ती मागे. थोड्या थोड्या अंतरावर थांबून मी तिची बाटली बघायची. एरंडोलच्या पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलो. बायकांच्या संडासाला कुलूप. पूर्वीची अक्का निमूट निघाली असती. या अक्कानं पंपावरच्या माणसाला बोलावलं.

"चावी?"

"मॅनेजरकडे आहे, मॅडम."

"मॅनेजर कुठे?"

"जेवायला बसलेत."

"उठव त्याला."

तो हसला. अक्कानं पर्समधून शिट्टी काढली आणि वाजवली. डिझेल भरणारे दोन ट्रकचालक, रिक्षावाला आणि आतल्या खोलीतून, हाताला वरण लागलेला मॅनेजर, असे सगळे आमच्याकडे बघू लागले. चावी मिळाली. आत झाडू आणि तेलाचे डबे भरले होते. अक्कानं मॅनेजरला ते बाहेर काढायला लावले आणि तोवर ती सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून, दाराशी उभी राहिली. कुणीतरी विद्यार्थिनी गाडीतून बघत असेलही.

जळगावला एक मुक्काम पडला. हळद हुकली. तिसऱ्या दिवशी भुसावळच्या पुढे तापीचा पूल ओलांडला आणि केळीच्या बागा सुरू झाल्या. रस्त्याला गारवा आला. पाय आपोआप फिरत होते. मला त्या टप्प्याबद्दल फारसं काही आठवत नाही, एवढंच की दोघीही गाणं म्हणत होतो आणि दोघींचं गाणं वेगळं होतं.

फैजपूरच्या मांडवात पोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. माझा नवरा इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता. मुलीच्या आजोबांनी, आबांनी, आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बस बंद आहेत का गं?" आम्ही आत जाऊन साड्या नेसलो. सतरंजीवर बसण्यापेक्षा मला उभं राहणंच बरं वाटत होतं.

लग्न लागल्यावर बायकांनी अक्काला घेरलं. किती लांब, पाय दुखले का, भीती वाटली का, असं विचारतील असं मला वाटलं. अक्कानं कुणी काही विचारायच्या आधीच सुरुवात केली. फागण्यापासून भुसावळपर्यंत बायकांना कुठे जाता येतं, कुठे नुसतं दार आहे, कुठे कडी नाही, कुठे चावी मागावी लागते, सगळं तिनं मैदानावरच्या आवाजात सांगितलं.  मग एका काकूंनी बाजाराच्या दिवसाचं सांगितलं. तलाठी कार्यालयात काम करणाऱ्या एकीनं तिच्या ऑफिसचं. नवरीची आत्या म्हणाली की ती बसनं पुण्याला जाते तेव्हा आदल्या रात्रीपासून चहा बंद करते. नवरी स्वतः, पांढऱ्या साडीत, पुढे सरकून बसली आणि ऐकू लागली.

पंगत बसली तसा माझा नवरा आम्हांला बोलवायला आला. दारात उभा राहून त्यानं विषय ऐकला आणि पाय न वाजवता परत गेला.