मोहोरबंद बाटलीतलं पाणी

ती फिर्याद अजून माझ्या मनातून जात नाही. पेन्शनीत बसल्यापासून लोक येतात आणि दरोड्याच्या, खुनाच्या गोष्टी विचारतात. सांगतो मीही, तिखटमीठ न लावता. पण एकटा बसलो की डोळ्यांपुढे येतो तो एक म्हातारा नोकर, ज्याला मी स्वतःच्या हातांनी बेड्या घालणार होतो.

निजाम सरकारचा अंमल होता आणि मी बीडच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार समजा. रोजनामचा, म्हणजे ठाण्याची डायरी, उर्दूत लिहायचा, आरोपीला मराठीत दम द्यायचा आणि वरिष्ठ आले की तोंडाला कुलूप लावायचं, अशी ती नोकरी. फिर्याद आली ती पालीच्या पुढे डोंगरात राहणाऱ्या एका जहागीरदारांची. नाव सांगत नाही, घराणं अजून नांदतं आहे.

हे गृहस्थ तरुणपणी हैदराबादेत राहिलेले. तिथे त्यांना विलायती वाइनची आवड लागली. दारुडे नव्हते हो! झिंगलेला माणूस त्यांना समोर चालायचा नाही. दिवस मावळायच्या आधी, चांगला उजेड असताना, वेगवेगळ्या वयाच्या वाइनचे दोन-तीन पेले पुढे ठेवायचे, रंग बघायचा, वास घ्यायचा, एक घोट जिभेवर खेळवायचा आणि त्यावर भरपूर बोलायचं, एवढाच त्यांचा शौक. मुंबईहून पिंपं यायची. बाटल्या घरीच भरायच्या, बुचावर लाख ओतायची आणि तिच्यावर जहागीरदार स्वतःच्या बोटातल्या अंगठीची मोहोर उठवायचे. मग त्या बाटल्या तळघरात वर्षानुवर्षं मुरत पडायच्या. तळघराची किल्ली एकाच माणसाकडे होती. तो त्यांचा आबदार, म्हणजे घरातलं पिण्याचं सगळं सांभाळणारा नोकर. मुसलमान, पाच वक्त नमाजी. आयुष्य वाइनच्या बाटल्यांत गेलं, पण थेंब कधी जिभेला लावला नाही.

याच आबदारावर मालकानं आळ घेतला होता. तो बाटल्यांतली वाइन काढून विकतो आणि आत पाणी भरतो, अशी फिर्याद.

त्यातच आमचा खबऱ्या आला. "सायेब, अत्तरवाल्याच्या दुकानात इलायती बाटल्या हायत. जहागीरदाराचा आबदार देऊन गेलता."

आमचे जमेदार, म्हणजे हवालदार, एकदम खूश. "आता काय ऱ्हायलं सायेब? उचला म्हाताऱ्याला!"

मी म्हटलं, "जमेदार, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. आधी जागा तर बघू."

जहागीरदारांच्या दारात दरवानानं मला अडवलं. वर्दीतल्या अमिनाला अडवतो म्हणजे काय! पण तो हात जोडून म्हणाला, "मालकाच्या बैठकीत अत्तर लावून, तंबाखू खाऊन कुणाला जाता येत न्हाई सायेब. वाइनचा वास मरतो म्हंत्यात. हैदराबादचा एक बडा पाव्हणा अत्तर लावून आलता, त्यालाबी मालकानं विहिरीवर हात धुवाया लावलं." मी अत्तर लावलेलं नव्हतं. सुटलो.

तळघरात उतरलो. गारवा असा, की अंगावर काटा आला. पंचनामा केला, बाटल्या एकेक करून उजेडात नेल्या. लाख कुठे तडकलेली नाही, मोहोर कुठे पुसटलेली नाही. चोरी झालेल्या घरी असं बघायला मिळत नाही.

जहागीरदार म्हणाले, "मोहोरेचं सोडा. जीभ खोटं बोलत नाही, अमीनसाहेब. बसा, तुम्हीच चाखा."

कामावर असताना प्यावी का, असा प्रश्न मला पडला, नाही असं नाही. पण मुद्देमाल तपासल्याशिवाय पंचनामा पुरा कसा व्हायचा? बसलो. माझ्या देखत त्यांनी तीन बाटल्यांची लाख फोडली. एकाच जातीची लाल वाइन, वयं तीन. त्यांनी पेला खिडकीकडे धरला आणि सांगायला लागले. नवी असते ती जांभळासारखी रंगानं गडद, आणि दात आंबवते. मधली जरा निवळते, अंगात मऊपणा येतो. जुनी झाली की रंग विटेवर जातो आणि एक घोट घेतला की तोंडात बराच वेळ रेंगाळते. "पहिली पोरगेली, दुसरी संसाराला लागलेली, तिसरी नातवंडं खेळवणारी," असं म्हणून ते हसले. ऐकताना मला वाटलं, या माणसानं नुसतं बोलत राहावं.

मग आम्ही चाखल्या. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला गडी, वाइन जन्मात पहिल्यांदा तोंडाला लावली. पण काय सांगू! पहिली खरंच जांभळासारखी तुरट. दुसरीत वाळल्या अंजिराचा वास. तिसरी गिळल्यावरही नाकात खारकेसारखं काहीतरी दरवळत राहिलं. मला ती आवडली, उगाच खोटं कशाला बोलू.

जहागीरदारांनी मात्र एकेक घोट घेतला आणि पेला खाली आदळला. "बघितलंत? तिन्ही सारख्याच! चिंचेचं पाणी! आमचा तीस वर्षांचा जुना माणूस, त्यानं आमच्या तोंडचा घास काढला." त्यांचा आवाज कापत होता. रागापेक्षा त्यात दुःखच जास्त होतं.

मी घोटाळ्यात पडलो. माझ्यासारख्या अडाण्याला तिन्हींत तीन चवी लागतात आणि जन्मभर चाखणाऱ्याला एकच? पण जहागीरदारांच्या तोंडावर हे बोलणार कोण! मी आबदाराला घेऊन ठाण्यावर आलो.

जमेदारांनी त्याला बसवलं आणि सुरुवातच केली, "काय बे म्हाताऱ्या, कुनाला विकली?"

"जमेदार, वयाचा मान ठेवा," मी म्हटलं. "मियाँ, तुम्ही सांगा. अत्तरवाल्याकडे बाटल्या कशा गेल्या?"

"रिकाम्या हायत त्या, हुजूर. पेला संपला की रिकामी बाटली आबदाराची, हा आमच्यातला रिवाज हाय. मालक सरकारलाबी ठावं हाय."

अत्तरवाल्याला बोलावून विचारलं. बाटल्या तो पूर्वीपासून घेत होता, त्यात गुलाबपाणी भरत होता. खबर बरोबर होती, तिचा अर्थ आम्ही चुकीचा लावला होता. आता आबदाराला सोडायची वेळ आली होती. मी तसं बोललोही, "मियाँ, तुमच्याविरुद्ध काही निघत नाही. जहागीरदारांना मी तसं कळवतो. बाटल्यांत पाणी नाही, वाइन चोख आहे."

हे ऐकून माणूस सुटकेचा श्वास सोडील की नाही? हा म्हातारा ताडकन उठला. "नगा कळवू हुजूर! मीच पानी घातलं. लिहून घ्या. मीच चोर हाय."

जमेदार माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी विचारलं, "कसं घातलं?"

"बूच काढून."

"आणि लाख? मोहोर? अंगठी तर मालकाच्या बोटात."

म्हातारा खाली बघायला लागला. "झोपेत काढून घेतली असंल..."

'असंल' म्हणे! जमेदार म्हणाले, "सायेब, कबुली दिलीया, आता कशाला खोलात शिरता?" त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे कबुली म्हणजे तपासाचा शेवट. कागद वर गेला असता तर विश्वासघाताच्या चोरीबद्दल म्हाताऱ्याला तुरुंग ठरलेला होता आणि त्या वयात तो तिथून जिवंत परत आला नसता. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची मला घाई नव्हती. चोर तर दिसतच नव्हता.

म्हाताऱ्याला ठाण्यावरच ठेवून दुसऱ्या दिवशी मी परत पालीच्या रस्त्याला लागलो. निघताना बीडच्या एका फळवाल्याकडे लग्न होतं, तिथे तोंड दाखवणं भाग होतं. मुसलमान घरातलं लग्न, पाहुण्याच्या हाताला अत्तर लावल्याशिवाय सोडतात होय? यजमानांनी माझ्या मनगटावर हिना असा चोपडला, की वाटेत घोडासुद्धा मान झटकत होता.

दरवान लांबूनच नाक धरून ओरडला, "सायेब, सायेब! आधी विहिरीवर चला!" तेवढ्यात जहागीरदार स्वतः बाहेर आले. त्यांनी माझा हात हातात घेतला, तोच अत्तराचा हात, आणि मला बैठकीत नेऊन शेजारी बसवलं. पेले मागवले. अत्तराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दरवान दारात तोंड उघडं टाकून उभा.

मी सहज विषय काढला, "जेवणखाण कसं आहे साहेब?"

"कसलं जेवण! तापातून उठलो तेव्हापासून एक आचारी धड मिळेना. दोघांना काढलं. तिखट झोंबतं, मीठ कळतं, पण चव म्हणाल तर नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! चोरी झाली होती, पण ती बाटलीतून नव्हे. तापानं या माणसाचं नाक नेलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. काही निमित्त सांगून मी तसाच उठलो.

ठाण्यावर येऊन जमेदारांना बाहेर पाठवलं आणि आबदारापुढे बसलो. "मियाँ, तुमच्या सरकारला वास येत नाही. तुम्हाला हे माहीत होतं."

म्हातारा ढसाढसा रडला. पोलिसाला रडण्याची सवय असते, पण ते रडणं मला बघवलं नाही. "तापानंतर पहिला पेला दिला तवाच कळलं, हुजूर. सरकारचं त्वांड बघितलं अन् कळलं. त्यांना एवढं एकच सुख हाय. नाक गेलं म्हनून समजलं तर ते खचतील. चोर घावला असं वाटलं, तर निदान उद्या चांगली बाटली मिळंल ही आशा तरी ऱ्हाईल. मी म्हातारा मानूस. तुरुंगात काय अन् भाईर काय?"

"आणि नवा आबदार आला, त्याचीही वाइन पाणीच लागली, मग? त्यालाही तुरुंगात घालायचं?"

खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं ऐकली होती, पण मिठासाठी बेड्या मागणारा मी हा पहिलाच पाहिला. तरी मनाशी ठरवलं, की खरं सांगायचं. न सांगितलं तर हा मरतो, आणि सांगितलं तर याचा मालक. पण ज्यानं काही केलेलं नाही त्याला माझ्या सहीनं तुरुंगात पाठवणं मला जमणारं नव्हतं.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आबदाराला घेऊन जहागीरदारांकडे गेलो. त्याला दाराशी थांबवून बैठकीत एकटाच शिरलो. मनगटावर हिना होताच, तो काय लवकर जातोय! हात पुढे केला. "साहेब, याचा वास घ्या."

ते हसले. "हे काय खूळ?" पण त्यांनी नाक मनगटाला लावलं. एकदा घेतला, मग डोळे मिटून परत घेतला. "काय आहे यावर?"

"हिना. दरवानाला विचारा. त्याला फाटकापासून येतो."

माझा हात सोडायचं त्यांना सुचलं नाही. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बाटल्या ठीक आहेत."

"सगळ्या."

"आणि मियाँ?"

"त्यांनी कबुली दिली आहे. तुम्हाला हे कळू नये म्हणून."

एवढा मोठा माणूस तोंडावर उपरणं धरून बसला. जरा वेळानं त्यांनी हाक मारली, "मियाँ, आत या. अहो या ना! चोरासारखे बाहेर काय उभे?" आबदार आला आणि पायाशी बसायला लागला. त्यांनी दंडाला धरून त्याला शेजारी, गादीवर बसवलं. तीस वर्षांत तो त्या गादीवर बसला नसेल. "जुनी आणा," ते म्हणाले. मग स्वतःच थांबले. "काय उपयोग?"

आबदार मात्र उठून बाटली घेऊन आला. पेला भरला, नाकाशी नेला आणि मालकाच्या हातात दिला. म्हणाला, "सरकार, पह्यल्यांदा खारीक हाय. तिच्या मागं जुन्या सागाच्या पेटीचा वास. अन् अगदी तळाला, तुमी म्हंता न्हवं, पाऊस उघडल्यावर डोंगरावरनं येतो तो." सगळे शब्द जहागीरदारांचेच होते. इतकी वर्षं पाठीमागे उभा राहून त्यानं ते ऐकले होते, जपले होते आणि आता ज्याचे त्याला परत देत होता. जहागीरदारांनी डोळे मिटून घोट घेतला. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पेला त्यांनी खाली ठेवला नाही. "पुढं बोला मियाँ," ते म्हणाले. "थांबू नका."

मी निघालो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "अमीनसाहेब, लिहा. चूक फिर्यादीची." जहागीरदारानं नोकरापुढे असं म्हणणं त्या काळात सोपं नव्हतं. मी रोजनामच्यात लिहिलं, की चोरी झालेली नाही, फिर्याद गैरसमजातून झाली. वरिष्ठांनी विचारलं, एवढ्यासाठी घोडा तीनदा कशाला पळवला? मी आपला गप्प.

पोलीस खात्यात शिरलो तेव्हा मला शिकवलं होतं, की आरोपी खोटं बोलतो ते स्वतःची कातडी वाचवायला. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण त्यानंतर माझ्यापुढे जेव्हा कुणी न मारता, न धमकावता कबुली दिली, तेव्हा ठाण्यातले बाकीचे सुटलो म्हणून पान लावायला बसायचे आणि मी खुर्ची पुढे ओढायचो. पहिला प्रश्न एकच विचारायचो: "बाबा रे, तू आत गेलास की बाहेर कोण सुखानं झोपणार आहे?" पुष्कळदा समोरचा माणूस त्या प्रश्नावरच रडायला लागायचा.