हाटकेशची आग

कुठे प्लास्टिक जळालं की मला हाटकेशमधल्या आमच्या जुन्या इमारतीतली ती दुपार आठवते. खालच्या गाळ्याला आग लागली, जिना काळ्या धुराने भरला आणि पाचव्या मजल्यावर मी अंथरुणाला खिळलेल्या आईला कवटाळून बसले. शेजारीण खिडकीतून ओरडत होती, "दीदी, नीचे मत जाना!" आई म्हणाली, "तू जा गं, मला राहू दे." पण मला तिचा हात सोडवेना. शेवटी महापालिकेच्या अग्निशमन दलाचा जवान शिडीवरून आत आला आणि त्याने आईला खांद्यावर घेतलं. खाली आल्यावर आईने धास्तावून विचारलं, "यांचे पैसे कसे भागवायचे?" तो म्हणाला, "आजी, पैसे न्हाय लागत. ही गाडी सगळ्यांचीच हाय." आता आम्ही टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो. त्यांची शिडी इथवर पोचते का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.