कमान मिळाली, न्हाणी नाही

आमच्या बालगृहाच्या कोठीत दोन गोष्टी वर्षभर साचत राहतात. लोकांनी दिलेले जुने कपडे आणि लोकांनीच दिलेले किस्से. कपड्यांची निदान फडकी तरी होतात. किश्श्यांचं काय करायचं? मैत्रिणींना सांगितले की त्या पोट धरून हसतात आणि म्हणतात, "लिहून काढ गं!" त्यांना हसू येतं. मला अजूनही रागच येतो.

साकोलीजवळच्या या मुलींच्या बालगृहात मी अकरा वर्षं अधीक्षिका आहे. तेवीस मुली आहेत. काहींचे आईबाप गेले, काही बसस्टँडवर भीक मागताना सापडल्या. देणग्या मागत फिरणं हेही माझंच काम. सोबत आमचे संस्थापक शेंडे सर असतात. सर स्वभावाने फार मऊ, त्यांना राग म्हणून येतच नाही. त्यांच्या वाटणीचाही मग मलाच येतो!

आणि एक लक्षात ठेवा. हे सगळं घडत होतं तेव्हा आम्ही लोकांकडे एकच गोष्ट मागत होतो. मुलींसाठी पक्की न्हाणी. चार भिंती, एक दार, दाराला आतून कडी. बस! बोअरवेलजवळ चार बांबूंना ताडपत्री बांधलेली, तीच आमची न्हाणी. हायवे शंभर पावलांवर. तिथे ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पीत उभे राहतात, आणि वारा सुटला की ताडपत्री उडते. आमची सगळ्यात मोठी वैशाली नववीत. ती अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची. महिन्यातले चार दिवस शाळेत जायची नाही.

"काहून जात नाहीस?" मी एकदा रागावून विचारलं.

"जाईन ना ताई," ती म्हणाली. "पन कपडे कुठं धुऊ, कुठं बदलू, तेवढं सांगा."

मी देणगीचं पावतीपुस्तक उचललं आणि सरांना हाक मारली.

*

दिवाळीच्या आधी एक गृहस्थ स्कूटरवर भलंमोठं पोतं बांधून आले. "गरिबाच्या लेकरायले कपडे आनले जी!" पोतं उतरवलं, हात जोडले, गेले.

आत काय होतं? लग्नातली शेरवानी, बटणं नसलेले सात शर्ट, बाईमाणसाचे ब्लाऊज आणि एकाच पायाचे मोजे. मुलींच्या बालगृहात शेरवानी! स्वयंपाकीण पारबताबाईंनी ती अंगाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "मी घालतो, पन मंग नवरी शोधा."

आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा दारात. मला वाटलं, चूक कळली असेल, काही बरं घेऊन आले असतील.

"मॅडम, कपडे राहू द्या," ते म्हणाले. "तेवढं पोतं वापस द्या. धान भराले लागते!"

*

वाढदिवसवाल्यांचा तर वेगळाच थाट. तालुक्यातले एक कापड दुकानदार लेकीचा वाढदिवस आमच्याकडे साजरा करणार होते. अकराची वेळ दिली आणि आले दोन वाजता. तोवर मुली उपाशी, कारण "जेवण आमच्याकडून आहे, काही बनवू नका" असा फोन आलेला. दिवाळीचे नवे फ्रॉक घालून बिचाऱ्या तीन तास रांगेत बसलेल्या.

केक आला, फुगे आले, कॅमेरावाला आला. मी सांगितलं, "मुलींचे चेहरे दाखवता येत नाहीत. कायदा आहे. पाठमोरे फोटो घ्या."

दुकानदारांनी मागे जाऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं. तोंड पाडून माझ्याकडे आले.

"मॅडम, मांगून तं ह्या कोनाच्याही पोरी वाटून राहिल्या! जरा जुने कपडे घालाले सांगता काय?"

शेंडे सर माझ्याकडे विनवणीच्या नजरेनं बघत होते. पण माझी जीभ सुटली होती.

"जुने आहेत ना," मी म्हटलं. "मागच्या वर्षी तुम्हीच पाठवलेले, तुमच्या मुलीचे. घालू?"

फोटो नव्या फ्रॉकमध्येच निघाले. जाताना मी न्हाणीचं बोलले, तेव्हा ते केकचा रिकामा खोका उचलत म्हणाले, "पुढच्या वाढदिवसाले पाहू."

*

आमच्याकडे जेवणाचंही कॅलेंडर असतं. पंधरा ऑगस्टला पाच जण जेवण आणतात, सोळाला कुणी फिरकत नाही. आणि पितृपक्षात तर विचारूच नका! पंधरा दिवस वडे, कढी, खीर. कुणाचे आजोबा, कुणाची काकू. एक साहेब तर मुली जेवत असताना समोर उभे राहून सांगत होते, "जेवून झाल्यावर म्हना बरं, आजोबा तृप्त झाले!" पक्ष संपला की आमचं नेहमीचं वरण-भात सुरू. या मुलींना रोज भूक लागते, हे या लोकांना कोण सांगणार? मी सांगते, तर म्हणतात मॅडमचा स्वभाव तिखट आहे.

आमची छकुली पाच वर्षांची. बसस्टँडवरून आलेली, अजून नीट रुळायची होती. एकदा भर उन्हाळ्यात पारबताबाईंना हुक्की आली आणि त्यांनी वडे तळायला घेतले. वास सुटला तशी छकुली धावत स्वयंपाकघरात गेली आणि डोळे मोठे करून तिनं विचारलं,

"मावशी, आज कोन मेलं?"

पारबताबाई झारा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग पहिला वडा त्यांनी फुंकून फुंकून तिच्या हातावर ठेवला.

*

भंडाऱ्याच्या एका मंडळानं आम्हाला कार्यक्रमाला बोलावलं. "मुलींना आणा, गाणं म्हणू द्या, लोक सढळ हातानं देतील." न्हाणीसाठी मी त्यालाही तयार झाले. माझं चुकलंच ते.

गाणं झालं. मंडळाचे अध्यक्ष माईक घेऊन वैशालीजवळ आले. सभागृहातल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, त्याशिवाय खिशात हात कसा जाणार? त्यांनी आवाज अगदी ओला केला.

"बेटा, तुला आईची आठवण येते का गं?"

मी खुर्चीतून अर्धी उठले होते. एवढ्या लोकांसमोर चौदा वर्षांच्या मुलीला हे विचारतात? लाज वाटत नाही? पण वैशालीनं माईक आपल्याकडे ओढून घेतला.

"येते जी," ती म्हणाली. "तुमाले येते काय तुमच्या आईची?"

अध्यक्ष हसले. "माझी आई तर आहे ना बेटा!"

"माहीत आहे ना. आमच्या गावाले, कोंढ्याले, आमच्या घराच्या मांगंच राहते, एकटी. माही आजी जित्ती होती तवा थेच त्यायचं पानी भरे. त्या रोज विचारत, माहा बाबू कवा येते?"

सभागृहात कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. आम्हाला त्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला. परतीच्या एसटीत मी वैशालीला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "माह्यामुळं न्हानी गेली काय ताई?"

*

शेवटी आम्ही भाऊसाहेबांकडे गेलो. दोन राइस मिलचे मालक, मोठं प्रस्थ. सरांनी कागदावर न्हाणीचा नकाशाही काढून नेला होता.

भाऊसाहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "आबाजीचं नाव कुठं येईन?"

"दारावर लिहू ना," सर म्हणाले.

"न्हानीच्या दारावर? माह्या बापाचं नाव?" भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. "लोकं काय म्हनतीन? आन आतमंदी कोन पाहाले जाते! येनाऱ्या-जानाऱ्याले दिसलं पायजे मास्तर!"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, कुणाला दिसू नये म्हणूनच तर न्हाणी पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. महिनाभरात आमच्याकडे मिस्त्री आले, गिट्टी आली, सिमेंट आलं. आणि हायवेकडच्या बाजूला उभी राहिली कमान! वर आबाजींचं नाव सोनेरी अक्षरांत, दोन्ही खांबांवर हत्ती. आम्हाला कंपाउंड वॉल नाही. नुसतीच कमान. उद्घाटनाला भाऊसाहेब तिच्यातून वाजतगाजत आत आले. त्यानंतर तिच्यातून कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

"बकऱ्या बी बाजूनंच येतात जी," पारबताबाई म्हणतात.

पुढे भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला त्यांच्या माणसांनी कमानीवर मोठा फ्लेक्स चढवला. मधोमध हात जोडलेले, हसणारे भाऊसाहेब, पुरुषभर उंचीचे. खाली लाल अक्षरांत "अनाथांचे नाथ". वाढदिवस झाला, फ्लेक्स उतरवायला कुणी आलं नाही.

*

वैशाखात एका दुपारी वादळ आलं आणि ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या. नवी आणायची म्हणून मी साकोलीला गेले. परत येऊन बघते तर न्हाणी उभी! वैशालीनं कमानीवर चढून फ्लेक्स उतरवला होता आणि हायवेच्या बाजूनं बांबूंना घट्ट बांधला होता. बाकीच्या तीन बाजूंना जुन्या चादरी शिवून लावल्या होत्या.

भाऊसाहेब बाहेरच्या बाजूला, हात जोडून, हसत.

"अगं, हे तोंड तरी आत करायचं!" मी म्हटलं.

"आत केलं तं आमाले पायत राहीन ना ताई!"

फ्लेक्स चांगला जाड होता. वाऱ्याला हलतसुद्धा नव्हता. वैशाली पहिल्यांदाच सावकाश आंघोळ करून, केस मोकळे सोडून बाहेर आली. मी मनात म्हटलं, राहू दे.

आठवडाभरानं सकाळीच दोन गाड्या आल्या. भाऊसाहेब उतरले. मागोमाग नागपूरचे त्यांचे होणारे व्याही आणि चार पाहुणे. लेकीची सोयरीक ठरत होती, म्हणून पाहुण्यांना आबाजींची कमान दाखवायला आणलं होतं. कमान पाहून झाली. हत्तींवरून हात फिरवून झाला. "आत या ना, लेकरं खूस होतीन!" म्हणत भाऊसाहेब पाहुण्यांना घेऊन बोअरवेलकडे वळले.

आणि थांबले.

समोर ते स्वतःच उभे होते. खालून साबणाचं पाणी वाहत होतं.

"हे काय आहे?" भाऊसाहेब ओरडले. "कोनं लावलं? काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

शेंडे सर हात जोडत पुढे झाले. मी त्यांचा हात धरून मागे ओढलं. तेवढ्यात वैशाली बादली घेऊन आली आणि फ्लेक्ससमोर उभी राहिली.

"आत्ता नाही निघत जी," ती म्हणाली. "आत छकुली आंग धुऊन राहिली."

आतून पाण्याचा आवाज आला आणि छकुलीचं गुणगुणणं. पाहुण्यांनी माना खाली घातल्या आणि पाठ फिरवली. होणाऱ्या व्याह्यांनीही पाठ फिरवली, तर समोर कमान. ते थोडा वेळ कमानीकडे बघत राहिले. मग तसंच तिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं,

"भाऊ, ह्या कमानीले किती लागले म्हनता?"