कवच आणि वाटा

त्या रविवारी मी पोह्यांसाठी कांदा परतत होते आणि आमच्या खेळातला मित्र इम्रान टेबलावर नकाशा पसरत होता. खेळाच्या रविवारी गजू अकोल्याहून सकाळच्या बसने निघायचा, मूर्तिजापूरला चहा प्यायचा आणि अमरावतीत आमच्या दाराशी येऊन बेल न वाजवता ओरडायचा, “उघडा ब्वा, राक्षस आला!” त्या दिवशी राक्षस आला नाही, फोन आला. पलीकडे गजूची बायको ज्योती होती. ती रडत नव्हती, म्हणूनच मला भीती वाटली. “ताई, यायले झटका आला… संपलं सारं,” एवढंच ती म्हणाली. मला गॅस बंद करायचं सुचलं नाही, कांदा काळा झाला, आणि शेवटी इम्राननेच उठून बटण फिरवलं. याला आता दीडेक महिना झाला. भेटेल तो विचारतो, सावरलात का? मी कोसळलेलीच नाही तर सावरू काय? मला राग आलाय. गजूचा आलाय. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मग जिवंत माणसांनी तो राग ठेवायचा कुठे?

गजानन आणि मी अमरावतीला एका वर्गात होतो. पुढे मी इथेच गणित शिकवायला लागले आणि तो घरच्या धंद्यात गेला. बार्शीटाकळीच्या वाटेवर त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि अकोल्याच्या बाजारात वडिलांच्या वेळेपासूनची जागा. पहाटे फुलं तोलायची, दुपारी हार, आणि मधल्या वेळात राक्षस. हे राक्षसाचं प्रकरण न खेळणाऱ्यांना सांगावं लागतं. आमचा खेळ टेबलावरचा. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक. फासे टाकायचे आणि जे पडेल ते भोगायचं. मूळ खेळ परदेशी, पण त्याची पुस्तकं आम्हाला महाग पडायची आणि त्यातले बर्फाळ डोंगर गजूला पटायचे नाहीत. म्हणून त्याने स्वतःचाच खेळ रचला. त्यातला डोंगर सातपुड्यासारखा, राक्षस उन्हाळ्यात चिडणारा, आणि जीव मोजायला न खपलेल्या झेंडूची वाळलेली बोंडं. प्रत्येकाची बोंडं आपापल्या स्टीलच्या डब्यात, वर झाकण. जखम झाली की बोंडं काढून टाकायची. कुणाच्या डब्यात किती उरलीत ते दुसऱ्याला दिसत नसे. “जीव काय दुकानात मांडून ठेवायची चीज हाये काय?” असं त्याचं म्हणणं.

आणि गजूला खेळण्याहून जास्त गोडी होती ती मंत्र तोलण्यात. एकाच कामाचे दोन मंत्र असले की त्यातला एक दुसऱ्यावर भारी पडता कामा नये. नाही तर सगळे तोच घेतात, दुसरा कागदावर मरून पडतो. फुलवाल्याचा पोरगा, त्यामुळे बोलणंही तसंच. “तराजूचा काटा मधात आला पाह्यजे.” त्यासाठी तो एकच लढाई दोनदा लढवायचा, एकदा या मंत्राने, एकदा त्या मंत्राने. स्वतःच राक्षस, स्वतःच मांत्रिक, स्वतःच जखमी. दोन्ही हातांनी फासे टाकत बसायचा आणि ज्योती म्हणायची, “ह्या मानसाचं सोतःशीच भांडन चालू राह्यते.”

आमचा मोठा वाद होता तो कवच आणि वाटा या दोन मंत्रांवरून. दोन्ही मंत्र जखम अर्धी करणारे. कवच आधी टाकायचं. मग घाव आला की अर्धा घाव वाऱ्यावर जातो, पण एका लढाईत एकदाच. वाटा घाव बसल्यावर टाकायचा. अर्धी जखम मांत्रिक आपल्या अंगावर घेतो, आपल्या डब्यातली बोंडं काढून टाकतो आणि जखमी वाचतो. वाटा कितीही वेळा चालतो आणि एकाच्या जखमेत चार जण वाटेकरी होऊ शकतात. आता एवढा मंत्र भारी पडणारच, म्हणून गजूने त्याला एक अट घातली. जखमी माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटलं पाहिजे, “मले लागलं, वाटा घे.” हे शब्द आले नाहीत तर मंत्र चालत नाही. मांत्रिकाला दिसत असलं तरी नाही, त्याने विचारलं आणि समोरचा ‘काही नाही’ म्हणाला तरी नाही.

गजूच्या हिशेबाने ही अट फुलापेक्षा हलकी होती. वाटा अजूनही जड आहे, अजून एखादी अट घालावी लागेल, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, उलट आहे. ही अटच एवढी जड आहे की वाटा कुणी घेत नाही. बघ ना, आपल्या टेबलावर सगळे कवच घेतात. इम्रानचा तलवारबाज तर एकदा माझ्या मांत्रिकाच्या शेजारी उभा राहून मेला. डब्यात दोनच बोंडं उरली होती आणि गडी तोंड उघडायला तयार नव्हता. मग विचारलं तर म्हणतो, “अरे, लडाई के बीच मे कोन रोते बसते?”

“थो येडा हाये,” गजू म्हणाला. “कागदावर पाह्य ना. दहादा लढोलं मी. वाटा जितते.”

“कागदावर दोन्ही हातांनी तूच खेळून राह्यला ना बे,” मी म्हटलं. “तुझा जखमी लगेच बोलते, कारण ऐकनारा बी तूच हाये. दुसऱ्या मानसाले सांगाचं असलं म्हंजे कळन.”

“चार शब्द हायेत, मास्तरीनबाई. चार शब्दाले काय वजन अस्ते?”

हे वाक्य तो वर्षानुवर्षं बोलला. पोह्यांवर बोलला, फोनवर बोलला, एकदा माझ्या वडिलांच्या पंच्याहत्तरीला हार घेऊन आला तेव्हा जेवणाच्या पंगतीत बोलला. आणि शेवटचं बोलला ते दिवाळीनंतरच्या रविवारी.

त्या दिवशी तो जिना चढताना मध्येच थांबला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. वरून मला दिसला, कठड्याला धरून उभा, कपाळावर घाम, आणि हवेत तर चांगला गारवा. मी खाली गेले. विचारलं, “काय झालं बे?” तर हसला. “काही नाई. ॲसिडिटी. मूर्तिजापूरचा चहा बाधला.” वर आल्यावर इम्रानने विचारलं, “डॉक्टरले दाखोलं?” “दाखोलं ना. गोळ्या देल्ल्या.” त्यानंतर भाकरी-ठेचा खाल्ला, राक्षस होऊन आमच्यावर ओरडला आणि संध्याकाळी बसला जाताना पुन्हा तेच. चार शब्द. काय वजन अस्ते. म्हणजे सकाळी आम्ही दोघांनी विचारलं, दोघांना त्याने थाप मारली, आणि त्याच तोंडाने मला शिकवून गेला की सांगायला काही लागत नाही! आठवलं की आजही हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

कारण डॉक्टरने त्याला दसऱ्याच्या आधीच सांगितलं होतं. नागपूरला जा, हृदयाचं ऑपरेशन करून घे, थांबू नको. हे आम्हाला कधी कळलं? तो गेल्यावर. दवाखान्यात त्या डॉक्टरनेच ज्योतीला विचारलं, “यांना एवढं बजावलं होतं, नेलं का नाही तुम्ही?” कशी नेईल ती? तिलाही ॲसिडिटीच सांगितली होती. दसऱ्याला झेंडू, दिवाळीला झेंडू, मग तुळशीची लग्नं, मग माणसांची लग्नं… फुलवाल्याचा सीझन संपतो कधी? तो संपायची वाट पाहत बसला आणि आमच्यासमोर झाकण लावून ठेवलं.

तेराव्याला मी अकोल्याला गेले. तिथे त्याचे एक काका चारचौघांत म्हणाले, “लय गुंग राहे थो त्या खेळात. पोट्ट्यावानी. तब्येतीकडे ध्यानच नसे.” माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “काका, खेळानं नाही मारलं त्याले. खेळातलं त्यानं जरा जरी ऐकलं असतं ना, तर आज तुमी-आमी इथं बसलो नसतो.” काका तंबाखू चोळत राहिले. त्यांना काय कळणार आणि मी तरी काय समजावून सांगणार? मोठ्या माणसाला उलटून बोलल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मग ज्योती मला आत घेऊन गेली. दाराला कडी लावली. “ताई, एक खरं सांगजा,” ती म्हणाली. “मले नसन सांगतलं त्यायनं. मी घाबरतो म्हनून. पन तुमाले त सांगतलं असन ना? इम्रानभाईले? कोनाले त सांगतलं असन?”

तिला हवं होतं की मी हो म्हणावं. मग ती माझ्यावर चिडली असती, ओरडली असती, मोकळी झाली असती. पण खोटं कसं बोलू… “नाही गं,” मी म्हटलं. “कुनालेच नाही.” ती खाली बसली. इतके दिवस ती समजत होती त्याने मित्रांना सांगितलंय, आणि मी समजत होते की बायकोला तरी माहीत असेल. आम्ही तिघं वाटेकरी तयार बसलो होतो. नागपूरला मी रजा टाकून गेले असते. इम्रानने मोबाईलचं दुकान बंद करून गाडी काढली असती. झेंडू तोडायला सगळा मळा शेजाऱ्यांनी भरला असता. पण मंत्र चालेना, कारण अट त्याची होती आणि ती त्यालाच पुरी करता आली नाही. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकले गजू, आणि तुझ्या घरच्या फरशीवर बसून जिंकले. असं जिंकवतात का कुणी कुणाला?

निघताना ज्योतीने बोंडांचा मोठा डबा माझ्या हातात दिला. “हे इथं राह्यलं त मी फेकून देईन,” ती म्हणाली. तिचाही राग खरा आहे.

गेल्या रविवारी इम्रान आला. खेळायचं ठरलं नव्हतं, पण टेबलावर डबा होता, फासे होते. मी सूत्रधार झाले, मांत्रिकही मीच. राक्षसाचा घाव इम्रानच्या तलवारबाजावर बसला. त्याने झाकण उचललं, बोंडं काढली, झाकण लावलं. चेहरा कोरा. पुन्हा घाव, पुन्हा तेच. मी थांबले. तो म्हणाला, “टाको ना फासे.” आणि मी टेबलावर हात आपटला. “तोंड उघड, इम्रान! बोल! मुक्यानं मरायची लय हौस हाये का तुमाले?” एवढी ओरडले की खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. इम्रानचे डोळे भरले, माझे तर केव्हाचेच वाहत होते. मग खाली मान घालून, अगदी हळू, तो म्हणाला, “मले लागलं… वाटा घे.”

मी माझ्या डब्याचं झाकण काढलं. वाळल्या झेंडूचा तो कडवट वास, गजूच्या शर्टाला कायम यायचा तसाच, टेबलभर पसरला. मी माझी बोंडं मोजून बाहेर काढली. गजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

चारच शब्द होते, गजू.