दिवाकरभाऊंची एकुलती एक चूक

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील समस्त वकील, कारकून व अर्जदार यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करण्यास आता पूर्ण मुभा आहे. दिवाकरभाऊ गेले. महिना झाला. भद्रावतीहून त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी एक अर्ज लिहीत होतो, आणि खरं सांगतो, फोन ठेवल्यावर आधी तो अर्जच पुन्हा तपासला...

भाऊ मूळचे सावलीचे, जन्मभर कोर्टात लघुलेखक. साक्षीदार झाडीतलं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं बोलायचा आणि भाऊंच्या यंत्रातून पुण्याचं बाहेर पडायचं. चहाच्या टपरीवर ‘काऊन बे, साखर सरली का?’ विचारणारा हा माणूस कागदावर मात्र सोवळ्यात असायचा. त्यांच्या टंकलेखनात चूक दाखवणाऱ्याला जेवण घालीन, अशी त्यांची जाहीर पैज होती. मी अनेक वर्षं उपाशी राहिलो.

मग ते अपील आलं. एका लहान मुलीवर अत्याचार झाला होता, शेजाऱ्याला शिक्षा झाली होती. तिचं नाव, गाव मी सांगणार नाही, कायदाही सांगू देत नाही. तिच्या आईचा वकील म्हणून मी कागद वाचत होतो. आरोपीच्या वकिलांनी एकच वाक्य धरलं होतं. मुलगी साक्षीत म्हणते, ‘तो आमच्या घरी येऊन राहिला होता.’ आई म्हणते, तो आमच्याकडे एक दिवसही राहिला नाही. मग मुलीवर विश्वास कसा ठेवायचा? खालच्या न्यायाधीशांनी तिला बोलताना पाहिलं होतं, तिचं थांबणं, आईकडे बघणं... अपिलात यातलं काहीच नसतं. तिथं फक्त कागद बोलतो. आणि खटला फेरसुनावणीला परत पाठवला असता, तर नुकतीच शाळेत हसायला लागलेली ती पोर पुन्हा साक्षीला उभी राहिली असती.

साक्षीखाली टंकलेखक म्हणून भाऊंची आद्याक्षरं होती. निवृत्तीनंतर ते मुलीकडे राहत होते; मी भद्रावती गाठली. भाऊंनी कागद वाचला, चष्मा काढला.

“पोरगी ‘राहिला’ म्हनलीच नाई.”

“मग?”

“‘येऊन राह्यला होता’ म्हनली. म्हंजे येत होता. रस्त्यानं, घराकडं. मी सुधारलं.”

“काऊन भाऊ?”

“आपली बोली साहेबांपुढे बरी दिसत नाई म्हून...”

गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. मी म्हटलं, “शपथपत्र द्यावं लागेल. चूक तुमची, सही तुमची.”

“लिव. अन् शुद्ध नोको लिवू.”

नागपूरला सुनावणीत पहिलाच प्रश्न आला, निवृत्त माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचं? मी पुन्हा शपथपत्राकडेच बोट दाखवलं. मागच्या बाकावर भाऊ तळहात धोतराला पुसत होते. न्यायमूर्तींनी मुलीचा मॅजिस्ट्रेटसमोरचा पहिला जबाब मागवला. पानं उलटत राहिली... तो जबाब एका भयंकर अशुद्ध लिहिणाऱ्या कारकुनानं उतरवला होता. देव त्याचं भलं करो! त्यानं जसं ऐकलं तसंच लिहिलं होतं: ‘येऊन राह्यला होता.’

काही आठवड्यांनी निकाल लागला. लहान मुलाची साक्ष काळजीनं, पण पूर्ण वाचायची. मूळ गोष्ट पहिल्या जबाबापासून ठाम असेल, तर ती एका शब्दावरून फेकून द्यायची नाही. शिक्षा कायम.

बाहेर व्हरांड्यात आईनं माझी बाही धरली. “वकीलभाऊ, आता माह्या पोरीले पुन्हा सांगा लागन का?”

मी वरच्या कोर्टाबद्दल काहीतरी नीट, कायदेशीर बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात, कोर्टात जन्मभर कुजबुजण्यापलीकडे आवाज न चढवलेले दिवाकरभाऊ असे ओरडले की दारातला पट्टेवाला दचकला:

“नाई, बाई! आता कोनी पुसलं तं माह्याकडं धाडजा!”