कोपरावरचा फोकस

माझ्या जुन्या झूम लेन्सला घरी सगळे मुसळ म्हणतात. म्हणोत बापडे. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर ती बसवायला मधे अडॅप्टर लावावा लागतो, आणि बसवली तरी कॅमेरा तिला ओळखत नाही. लेन्सच लावलेली नाही, असं पडद्यावर खुशाल सांगतो. फोकस आपणच करायचा, प्रकाश किती घ्यायचा तेही आपणच ठरवायचं. तिला एकच जाडजूड रिंग आहे. पुढेमागे सरकवली की झूम, फिरवली की फोकस. धरमपेठेतल्या एका दुकानदारानं मला विचारलं होतं, "काकाजी, एवढा भारी कॅमेरा घेतला अन् त्याले हे काय डकवलं?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण त्या दिवशी पारशिवनीहून माझी मोठी बहीण सकाळच्या बसनं आली, ती या मुसळासाठीच. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, क्रिकेटसाठी माझ्याकडे राहते. ऑफस्पिन टाकते. आदल्या सामन्यात पंचांना शंका आली की तिचा हात कोपरात वाकतो, म्हणजे ती चेंडू टाकत नाही, फेकते. गोलंदाजाला यापेक्षा वाईट शब्द नाही. तिच्या क्लबच्या सरांनी सांगितलं होतं, बाजूनं आणि दुरून घेतलेला, कोपर स्वच्छ दिसेल असा व्हिडिओ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवा. हात सरळ दिसला तर नाव निवड चाचणीला जाईल, नाही तर नाही. या वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

मोबाइलवरचा व्हिडिओ सरांनी परत पाठवला होता, त्यात कोपर म्हणजे नुसता धुरळा. माझ्या नव्या लेन्सनं मी आदल्या दिवशी प्रयत्न केला होता. सरावाची खेळपट्टी जाळीच्या आत. ती लेन्स स्वतःला फार शहाणी समजते, स्वतःच फोकस करते आणि दर वेळी समोरच्या जाळीची दोरीच पकडून बसायची. मुसळाला स्वतःची अक्कल नाही, म्हणून ते माझं ऐकतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, झूम पुरता ओढला, भाचीला क्रीझवर हात वर करून उभं केलं आणि पडद्यावर चित्र मोठं करून कोपरावर फोकस धरला. एवढ्या झूमवर रिंग केसभर हलली तरी सगळं धूसर होऊन जातं. समोरची जाळी विरघळून गेली आणि कोपराचं हाड न् हाड दिसायला लागलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिले काही चेंडू झकास पडले. हात सरळ, काही म्हणजे काही दोष नाही. बहीण माझ्या खांद्यामागं उभी राहून पदराशी चाळा करत होती. मग भाचीनं तिचा जोरातला चेंडू टाकला, ज्याच्यावर तिला जास्त विकेट मिळतात तो. मी तो हळू गतीनं पाहिला. हात खांद्याच्या वर आला तेव्हा कोपर वाकलेलं होतं, आणि चेंडू सुटताना झटक्यानं सरळ झालं. मी तो पुन्हा लावून पाहिला.

"काय झालं गा?" बहीण म्हणाली.

"काही नाही."

"मले पाहू दे."

तिनं पाहिलं. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं. मग हळूच म्हणाली, "हे फोकस तुह्या हातानंच होते ना?"

"हो."

"मंग बिघडव ना थोडं. म्हणा सरले, लेन्स जुनी आहे, नाही जमलं. दुसरे चेंडू चांगले आहेत, तेच पाठव. हा कायले दाखवतं?"

"ताई, डोकं फिरलं का तुझं?"

"माह्यं नाही फिरलं. पोरीनं चार वर्षं जीव टाकला गा. तू मामा आहेस का पंच आहेस?"

मी तिच्यावर चांगलाच भडकलो. खरं तर भडकलो होतो तो यासाठी, की ती बोलायच्या आधीच हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. नव्या लेन्सचं चित्र बिघडलं तर लोक माणसाला विचारतात. या मुसळाचं बिघडलं तर कोण विचारणार? सगळं गाव त्याला आधीच हसतं.

"मामा, टाकू का?" तिकडून भाचीनं विचारलं. पुन्हा तोच जोरातला टाकणार होती.

"टाक," मी म्हणालो, आणि माझी बोटं रिंगवर फिरली. किंचितच.

चेंडू टाकून ती जाळीबाहेर आली. दर थोड्या वेळानं येऊन स्वतःचा हात पाहायची तिची सवय. मी नको म्हणेपर्यंत तिनं बटण दाबलंसुद्धा. पडद्यावर मागच्या भिंतीची वीट न् वीट मोजता येत होती आणि तिचा हात म्हणजे पांढरा डाग. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"जुनी आहे वं ती लेन्स," बहीण म्हणाली, "बिघडत राहते."

"आई, तू चूप राह्य." आवाज चढलेला नव्हता. "मामा, याच्या आधीचा जोरातला दाखवा."

मी दाखवला. तिनं तो परत परत पाहिला. डाव्या हातानं स्वतःचं उजवं कोपर धरून ठेवलं होतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण हिंमत झाली नाही.

"सरले हाच पाठवा," ती म्हणाली.

"अगं, नाव नाही जाणार मग," मी म्हणालो.

"माहीत आहे मले. पाठवा." तिनं नाक पुसलं. "अन् आता मी अजून टाकते. हात कुठून वाकून राहिला ते मले पाहायचं आहे."

बहीण तिथंच मातीत बसली आणि रडायला लागली. भाचीनं तिच्याजवळ पाण्याची बाटली ठेवली, पुन्हा क्रीझवर जाऊन हात वर केला, आणि मी कोपरावर फोकस आणेपर्यंत थांबली.

"झालं का मामा?"

"झालं."

"मंग आता रिंगले हात लावू नका."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि ती धावत येईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिलो.