हनुवटीवरची खूण

आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून पुण्यात वारज्याला माझ्याकडे आणलं. आठवडा झाला नाही तोच त्यांनी टुमणं लावलं, "मला आपल्या गल्लीत घेऊन चल." आपली गल्ली म्हणजे सदाशिव पेठेतली. त्यांचं बालपण तिथे गेलं, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. विहिरीतलं पोहणं, भिंतीवरून उडी मारताना फुटलेली हनुवटी, सगळं आम्हाला पाठ होतं.

रिक्षावाल्याला त्यांनी दोनदा चुकीचं वळण घ्यायला लावलं. शाळा कुठे होती विचारलं तर डावीकडे म्हणाले. पुढे गेल्यावर परत विचारलं, तर उजवीकडे. विसरायला लागले की काय? पण औषधं, नातवंडांचे वाढदिवस, नागपुरातला बोळ न् बोळ, सगळं त्यांच्या नीट लक्षात होतं. अडत होतं ते फक्त पुण्यात. मग भलतीच शंका डोक्यात शिरली. हे इथे कधी राहिलेच नसले तर?

जुनं घर पाडून तिथे फ्लॅट झाले होते. दुसऱ्या मजल्यावर बाबांची थोरली बहीण एकटी राहते. माझं तिच्याशी आजवर फक्त दिवाळीला फोनवर बोलणं. दारावरच्या पाटीवर आमचं आडनाव नव्हतं. सासरचं असेल, असं मी धरलं.

दार साखळीपुरतं उघडलं.

"आत्ताच कशी आठवण झाली?" आत्याने विचारलं.

"घर बघायला आलो, ताई."

"घर पाडलं ते. कळवलं होतं तुला."

तरीही तिने आत घेतलं. चहा दिला, पण तिची नजर आमच्यावरून हलत नव्हती. आम्ही काही मागायला आलोय असं तिला वाटत असावं. बाबा मात्र खुलले. "त्या मागच्या भिंतीवरून मी पडलो होतो, आठवतं?"

"तू नव्हेस. दादा पडला होता."

बाबांचा हात हनुवटीकडे गेला. तिथे खूण होती, मी लहानपणापासून पाहिलेली.

"ती नागपूरची असेल," आत्या म्हणाली. "इथून गेलास तेव्हा तुझी हनुवटी साफ होती."

"इथून कधी गेले बाबा?" मी विचारलं.

आत्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिला सांगितलं नाहीस?"

मग आत्यानेच सांगितलं. बाबा चार वर्षांचे असताना नागपूरच्या मामा-मामींकडे दत्तक गेले. त्यांना मूल नव्हतं. ज्यांना मी आजी-आजोबा म्हणत आले, ते हेच. पाटीवरचं आडनाव आत्याच्या माहेरचं. तिचं लग्नच झालं नव्हतं. विहीर, शाळा, भिंत, सगळं बाबांच्या थोरल्या भावाचं, दादाचं. तो दर उन्हाळ्यात नागपूरला जायचा आणि गोष्टी सांगायचा.

मला राग आला. इतकी वर्षं ह्यांनी आम्हाला दुसऱ्याचं बालपण आपलं म्हणून सांगितलं! आणखी काय काय खोटं होतं?

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "दोघं मुलगे होतो," ते आत्याला म्हणाले. "मग मलाच का दिलं?"

ह्यासाठीच ते आले होते.

आत्याने कप बाजूला सरकवला. "मी विचारलं होतं. आई म्हणाली, पुन्हा विचारायचं नाही. नाही विचारलं." जरा थांबून ती म्हणाली, "तू रडला नाहीस. टांग्यात बसायला मिळालं म्हणून खूश होतास. मीच मागे धावले, कोपऱ्यापर्यंत."

बाबांनी मान खाली घातली. आत्या उठून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

परतताना रिक्षात बाबा हळूच म्हणाले, "पांढरा घोडा होता."

घोड्याचा रंग आत्याने सांगितला नव्हता. बाबांना खरंच आठवत होतं, की त्यांनी तो आत्ताच रंगवला, मला कळेना. विचारावंसं वाटलं, पण मी रस्त्याकडे बघत बसले.